तारखा रेफरन्सनेच लावल्यात, फॅन लोकांनी नाही

चिंचोका
'सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या कंटिन्युइटीच्या, म्हणजे आधीच्या भागांशी तपशील न जुळण्याच्या, चुका काढणाऱ्यांना दुसरा उद्योग नाही, कार्टून आहे, माणसं पिवळी, हाताला चार बोटं, बार्ट कायम दहा वर्षांचा, मग सन कसले तपासता, सिनेमा-गाण्यांचे रेफरन्स ओळखा आणि हसा, असं काल उडता_गालिचा यांनी लिहिलं. डोक्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बार्ट दहाचाच राहिला याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण ज्या रेफरन्सचं एवढं कौतुक चाललंय त्यांनीच तारखा ठोकून ठेवल्यात त्याचं काय? 'द वे वी वॉज' हा भाग आला १९९१ ला. त्यात बार्टचे आईबाप होमर आणि मार्ज १९७४ ला शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहेत, गाणी त्याच काळातली, कार्पेंटर्स वगैरे. मग 'आय मॅरीड मार्ज'मध्ये १९८० साल, दोघं 'स्टार वॉर्स'चा 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' बघून बाहेर पडतात आणि होमर मोठ्याने बोलून बाहेरच्या रांगेसमोर सस्पेन्स फोडतो, आणि त्याच रात्रीचा बार्ट. पुढे १९८४ चं ऑलिम्पिक आणि बार्टची बहीण लिसाचा जन्म, तो भाग १९९२ चा आणि तेव्हा लिसा आठ वर्षांची. हिशोब चोख बसतो! म्हणजे लेखक बोटं मोजून लिहीत होते.

आणि मग २००८ ला 'दॅट नाइन्टीज शो'. होमर-मार्जचं तरुणपण उचलून नव्वदच्या दशकात ठेवलं, होमरला ग्रंज बँड काढून दिला, का तर निर्व्हाना या रॉक बँडची टिंगल करायची होती. त्यासाठी १९७४ ची ती शेवटची गाडीतली रात्र गेली. होमर मार्जला सांगतो की तू गाडी थांबवलीस की मी तुला मिठी मारीन आणि मग तुला कधीच सोडू शकणार नाही, आणि वर्तमानात येऊन म्हणतो, सोडलंच नाही. अख्ख्या मालिकेचा पाया तो आहे हो. एका बँडच्या नकलेसाठी तो उकरायचा?

उडता_गालिचा
तुमच्यासारख्यांना त्या लोकांनी १९९७ लाच उत्तर दिलंय. पूचीचा भाग आठवा, होमर मालिकेतल्याच एका कार्टूनमध्ये पूची नावाच्या कुत्र्याला आवाज देतो. एक फॅन उठून विचारतो की त्या कार्टूनमधल्या इची उंदराने सांगाड्याच्या एकाच बरगडीवर लागोपाठ दोनदा वाजवलं तर दोन वेगळे सूर कसे आले, आणि होमर त्याला विचारतो की टी-शर्टवर 'जीनियस ॲट वर्क' लिहिलेला माणूस लहान मुलांचं कार्टून बघण्यात सगळा वेळ का घालवतो. विषय तिथेच संपला.

आणि व्यवहार बघा ना. साडेसातशेच्या वर भाग झालेत. आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढलेले, शाळेचा प्रिन्सिपल स्किनर व्हिएतनाममध्ये. बार्ट दहाचाच ठेवायचा आणि १९७४ पण तसंच ठेवायचं, तर होमर आज सत्तरीला पोचेल. लेखकांनी करायचं तरी काय? सन सरकवणारच. २०३० मध्ये होमर २००५ ला शाळेत होता असं दाखवतील आणि मी तेही बघेन.

मेघना_र
व्यवहाराचं कारण मला पटत नाही, कारण करणाऱ्यांनी करून दाखवलंय. 'फ्युचुरामा' या कार्टूनचा पहिला भाग १९९९ चा. नायक फ्राय खुर्चीवरून मागे पडतो तेव्हा टेबलाखाली निबलर या परग्रहावरच्या प्राण्याची सावली आहे, तेव्हा कुणाचं लक्षही गेलं नाही, आणि २००३ ला कळतं की ती मुद्दाम होती. 'बोजॅक' या कार्टूनमध्ये हॉलिवूडच्या पाटीवरचा डी पहिल्याच सीझनमध्ये चोरीला जातो आणि पुढे सगळी पात्रं त्या गावाला हॉलिवूच म्हणतात. एका भागापुरता जोक होता, पण त्यांनी सोडला नाही. कार्टूनला मेमरी नसते हा आळशी लोकांचा बचाव आहे.

उडता_गालिचा
बोजॅकचे सीझन सहा. सिम्पसन्स १९८९ पासून चालू आहे. तुलना जरा बरोबरीच्यांशी करा.

पाणपोई
मला वाटतं दोघंही चुकीच्या जागी भांडताय, खरी पडझड रेफरन्सचीच झालीये. पूर्वीचा रेफरन्स न कळताही चालायचा. 'रोजबड' हा भाग मी शाळेत असताना बघितला, तो ज्या सिनेमावर आहे त्या 'सिटिझन केन'चं नावसुद्धा ऐकलं नव्हतं, तरी होमरचा मालक असलेल्या त्या म्हाताऱ्या बर्न्सला त्याचं बोबो अस्वल हवंय यावर माझा घसा दाटला होता. पुढे कॉलेजात तो सिनेमा लागला आणि मला शेवट आधीच माहीत, शेजारचा मित्र चिडला की तू कुठे बघितलास. 'केप फिअर'वरचा भाग तसाच, मूळ सिनेमा नाही बघितला तरी बार्टच्या जिवावर उठलेला साइडशो बॉब एकामागून एक दाताळ्यांवर पाय देतो त्याला काही लागत नाही. आणि नंतर? लेडी गागा स्वतः येणार, इलॉन मस्क स्वतः येणार, आणि सगळं स्प्रिंगफील्ड गाव त्यांच्याकडे तोंड वर करून बघत उभं. याला रेफरन्स नाही, सत्कार म्हणतात. कंटिन्युइटी गेली खड्ड्यात, आधी हे थांबवा.

सदाफुली
रेफरन्सवर एवढं बोललात आणि मालिकेतल्या भारतीय दुकानदाराचं, अपूचं, नाव कुणी काढलं नाही? त्याचं नावच रेफरन्स आहे, सत्यजित रायांच्या अपूवरून घेतलेलं. घेतलं काय आणि केलं काय! मी अमेरिकेत शिकत होते तेव्हा लॅबमधला एक मुलगा रोज मी दाराबाहेर पडताना अपूच्या त्या आवाजात त्याचं ठरलेलं वाक्य 'थँक यू, कम अगेन' म्हणायचा. रोज. बाकीचे हसायचे आणि मीही हसायचे, कारण नाही हसलं तर आपणच खडूस ठरतो. त्यामुळे हरि कोंडाबोलू या कॉमेडियनची अपूवरची २०१७ ची डॉक्युमेंटरी आली तेव्हा मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

उडता_गालिचा
आता हे इथे कशाला? त्या मुलाचा मूर्खपणा अपूच्या माथी का मारता? कॉम्प्युटर सायन्समधली डॉक्टरेट आहे त्याच्याकडे, गावातल्या निम्म्या लोकांपेक्षा शहाणा आणि कष्टाळू आहे. १९९६ चा नागरिकत्वाचा भाग बघा, सगळा गाव त्याला हाकलायला निघतो आणि चुकीचा कोण दाखवलाय? गाव. मला तर लहानपणी टीव्हीवर आपल्यासारखा दिसणारा तो एकटाच होता आणि अभिमान वाटायचा. तुमच्यासारख्यांनी आरडाओरडा करून त्यालाच घालवला.

सदाफुली
'तुमच्यासारख्यांनी' म्हणजे कोणी? मी आरडाओरडा केला नाही, मी अनुभव सांगितला. तुम्हाला अभिमान वाटला कारण तुम्ही घरी बसून बघत होतात, तो आवाज तुमच्या मागे जिन्यावरून येत नव्हता. आणि लेखन चांगलं होतं हे मी नाकारलेलं नाही, नागरिकत्वाचा भाग मलाही आवडतो, एवढं तुम्हाला देते. पण तो आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाने काढलेला होता आणि त्यानेच २०२० ला सांगितलं की मी आता अपू करणार नाही. त्याला पटलं, तुम्हाला का पटत नाही?

पाणपोई
बरोबर. आणि २०१८ ला त्यांनी जे केलं ते तर आणखी वाईट. लिसाच्या तोंडून वदवलं की पूर्वी चाललेलं आता चालत नाही, काय करणार, आणि शेजारी अपूचा फोटो. लिसाच्या तोंडून! जी मुलगी प्रत्येक अन्यायासाठी भांडते तिलाच हात झटकायला लावले. सन चुकण्यापेक्षा हे भयंकर आहे, पात्रच चुकवलं.

चिंचोका
पाणपोई, हे तर माझंच म्हणणं झालं. आणि लिसाचंच बघा, १९९५ ला ती शाकाहारी झाली आणि आजपर्यंत आहे, कारण पॉल मॅकार्टनीने पाहुणा म्हणून यायला तीच अट घातली होती. एका पाहुण्याचा शब्द ही मंडळी इतकी वर्षं पाळतात. म्हणजे लक्षात ठेवता येतं, ठेवायचं असेल तर.

आता अपू. बार्टच्या शिक्षिका क्रॅबॅपल बाईंना आवाज देणाऱ्या मार्शिया वॉलेस २०१३ ला गेल्या तेव्हा बाईंचा निरोप झाला, बार्टने फळ्यावर एकच ओळ लिहिली, पुढे २०१४ ला बाईंचा नवरा नेड तिच्या आठवणीत दंडाला काळी फीत बांधून दिसतो. अपूला काय मिळालं? गर्दीत मागे मुका उभा. बायको मंजुला, आठ पोरं, दुकान, सगळं कथेत तसंच आहे आणि त्याच्याबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही. ही माझ्या मते सगळ्यात मोठी कंटिन्युइटी एरर आहे.

उडता_गालिचा
१९७४ वर मी हलणार नाही, सन सरकवल्याशिवाय ही मालिका चालूच शकत नाही. पण अपूला मुका ठेवणं चूक आहे, ते धरा. ज्यांना नको होता त्यांना अजून तो दिसतोय आणि ज्यांना हवा होता त्यांना मिळत नाही.

सदाफुली
मला तो नको होता असं मी कधी म्हणाले? होमरचा मित्र कार्ल याला २०२० मध्ये नवा आवाज दिला, २०२१ मध्ये डॉ. हिबर्टला दिला, दोन्ही कृष्णवर्णीय कलाकार, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. अपूलाही द्या. भारतीय वंशाचा नट घ्या, डॉक्टरेट राहू दे, आठ पोरं राहू देत, आणि त्याला बोलू दे.