बाराखडी आधी की यंत्र आधी?

रात्रवर्ग_परळ: मी परळच्या रात्रवर्गात प्रौढ महिलांना शिकवते. भाजी विकणाऱ्या आणि ऑनलाइन पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारे डबडे (साउंडबॉक्स) वापरणाऱ्या एका मावशींनी परवा विचारले, "बाई, पैसे आले की डबडंच ओरडून सांगतं, मुलगी आवाजात निरोप धाडते, मग बाराखडी कशाला गिरवू?" 1951 मध्ये देशातील साक्षरता सुमारे 18 टक्के होती, ती 2011 मध्ये सुमारे 73 टक्क्यांवर गेली आणि याच काळात यंत्रेही वाढली, पण एकामुळे दुसरे घडले असे खरोखर म्हणता येईल का? मावशींना मी काय सांगावे?

जुळारी: माझे आयुष्य छापखान्यात खिळे (धातूची सुटी अक्षरे) जुळवण्यात गेले, म्हणून दाखलाही तिथलाच देतो. गणपत कृष्णाजींनी लाकडी छापयंत्र स्वतः उभारून 1831 मध्ये मुंबईत शिळाछापावर (दगडावरून केलेल्या छपाईने) मराठी पंचांग काढले, तेव्हा वाचणारे मूठभर होते. पुढे 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांचेही शालेय शिक्षण जेमतेमच होते. माझ्या मते यंत्र आधी आले आणि वाचक त्याच्यामागून.

साचेखाता: हे अर्धेच खरे आहे. माझे आजोबा अंगठाबहाद्दर होते, तरी गिरणीतल्या साच्याच्या (मागाच्या) नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखत. औद्योगिक क्रांतीच्या ऐन भरात इंग्लंडमध्येही विवाहनोंदीत सहीऐवजी फुली मारणारे थोडेथोडके नव्हते. उलट स्वीडनमध्ये धर्मग्रंथ वाचता यावा म्हणून कारखान्यांच्या कितीतरी आधी लोक वाचायला शिकले होते. म्हणजे यंत्र चालवण्यासाठी अक्षर लागतेच असे नाही. मात्र त्याच यंत्राने दिवस किती तास खावा हे ठरवायची वेळ आली, तेव्हा 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे पुढे झाले. 1884 मध्ये सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी अर्ज केला आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. अर्ज लिहिता येणारा एकही माणूस नसता, तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहिले असते?

जुळारी: मान्य. माझ्या वाक्यात 'वापर' आणि 'ताबा' यांची गल्लत झाली होती. (आमच्या धंद्यातही न वाचता अचूक खिळे जुळवणारे मी पाहिले आहेत, मजकुरातली चूक मात्र त्यांना दिसत नसे.)

रात्रवर्ग_परळ: आपल्या चर्चेनंतर मी मावशींचा फोन पाहिला. त्या डबड्याचे भाडे दरमहा त्यांच्या खात्यातून वळते होत होते आणि तसा संदेशही नियमित येत होता, पण इंग्रजीत; डबडे फक्त आलेले पैसे ओरडून सांगते, गेलेले नाही. त्यामुळे माझाच पेच वाढला आहे: बाराखडी पुरी झाली तरी तो संदेश त्यांना वाचता येणार नाही. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून उद्यापासून आकडे, तारीख आणि 'जमा-वजा' यांचे इंग्रजी शब्द आधी शिकवावेत, असा विचार करते आहे. प्रौढ वर्गात असा क्रम कुणी लावून पाहिला आहे का?