अनुभव धागा: तुमच्या घरात काय लिहून ठेवतात?

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, माहेरपणाला आलेल्या लेकीबाळी परत गेल्या, झोके सुटले आणि घर एकदम मोकळं वाटायला लागलं. त्या मोकळेपणात मी माळ्यावरचा बिबड्यांचा पत्र्याचा डबा खाली काढला. आई गेल्यापासून तीन उन्हाळे तो कुणी उघडलाच नव्हता. तळाशी चार तुकडे निघाले, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एकीवर एक चिकटवलेल्या चिठ्ठ्या. डिंक वगैरे काही नाही. कुरडयांच्या चिकाने चिकटवलेल्या असाव्यात, कारण नखाने अलगद सुटत होत्या. सगळ्यात खालची अशी:

"१९९१. ज्वारी दोन पायल्या. बिबडे १९०. थापायला मोठी वहिनी आणि शेजारच्या मावशी. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं, चाळीस वाया. मीठ बरोबर."

दरवर्षीची एक चिठ्ठी, आणि प्रत्येकीच्या शेवटी मिठाचा शेरा. १९९८ च्या चिठ्ठीत "धाकटीच्या हाताला चटका" असं आहे. ती धाकटी म्हणजे मी. घाटा शिजत असताना बोट घालून चाटायला गेले होते.

खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, पण पापडासारखे लाटायचे नाहीत. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, मग सुकवून भरडायची. पहाटे अंधारात चुलीवर मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची, जिरं घालून घाटा शिजवायचा. जुनं धोतर ओलं करून खाटेवर पसरायचं आणि पाण्याच्या हाताने त्यावर गरम घाटा थापायचा. वाळले की कापड उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडायचं, मग सुटतात. अर्धवट ओला बिबडा चोरून खाणं हा आमच्या बालपणीचा एकमेव गुन्हा.

आईला कुणी डायरी लिहिणारी बाई म्हटलं नसतं, तिनेही म्हटलं नसतं. पण हे लिहिणंच झालं ना? तर तुमच्या घरी असं काय आहे? कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी लिहिलेलं, वहीत, भिंतीवर, कुठेही. आणि घरच्याघरी सुरू केलेली एखादी रीत असेल तर तीही लिहा. "रोज लिहिल्याने मन शांत होतं" छापाचं ज्ञान नको. जळगावात सध्या ४४ अंश आहे, मन शांत होणार नाही.

भुसावळ

वडील रेल्वेत गार्ड होते. घरी कधी येतील, कधी जातील याचा नेम नसे. रात्री तीनला कॉल यायचा, लाईन बॉक्स (गार्डच्या सामानाची पेटी) स्टेशनवर, माणूस अर्धवट झोपेत. आई शाळेत शिक्षिका. दोघं एकाच क्वार्टरमध्ये राहायचे पण आठवड्यातून दोनदा तोंडं बघायचे. घरात एकच नियम होता: झोपलेल्याला उठवायचं नाही, लिहून ठेवायचं.

आमच्या शाळेच्या वह्यांची उरलेली कोरी पानं आई दोऱ्याने शिवायची आणि ती वही गव्हाच्या डब्यावर खिळ्याला टांगलेली असे. पेन्सिल सुतळीला बांधलेली, नाहीतर आम्ही पळवायचो. एक पान जसंच्या तसं देतो:

"वांगी आणलीत. भरीत उद्या."
"उद्या मी बडनेऱ्याला."
"मग आजच करते. उठवीन."
"उठवू नको. झाकून ठेव."
आणि खाली पुन्हा आईचं अक्षर: "उठवलं. गार भरीत काय खायचं?"

अशा सतरा वह्या आहेत. त्यांत माझा दहावीचा निकाल आहे, आजोबा गेल्याची बातमी आहे ("आबा गेले. पहिल्या गाडीने निघा. मुलं वहिनीकडे"), गॅसचा नंबर आहे, आणि एकमेकांवर रुसल्यानंतरची दोन-तीन नुसती कोरी पानं आहेत. तारीख घातलेली आणि खाली काही नाही. त्या पानांना आम्ही भावंडं फार हसतो. आईला मात्र अजूनही हसू येत नाही.

वडील निवृत्त झाल्यावर वही बंद पडली. मी विचारलं तर म्हणाले, आता दिवसभर समोरासमोर बसलोय, लिहू काय?

रावेर

आमच्याकडे शेतीची डायरी. खत-बियाण्याच्या दुकानातून दिवाळीला फुकट मिळते ती. दादा (माझे वडील) रोज संध्याकाळी चार ओळी लिहायचे. मोटार किती वाजता चालू केली, लाईट किती वाजता गेली, केळीच्या मृगबागेला (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागण) कोणता डोस, कांदेबागेची (पावसाळ्यानंतरची लागण) कटाई, भाव. बाकी जगाशी घेणंदेणं नाही.

एक नोंद आमच्या घरात म्हणीसारखी झाली आहे: "३ नंबरची मोटार जळाली. नातू झाला. मोटार रिवाइंडिंगला टाकली." तो नातू आता बावीस वर्षांचा आहे. घरात काही बिघडलं की त्याला विचारतात, आज कोण जन्मलं?

एका जूनमध्ये "वादळ. उभी बाग आडवी" एवढंच आहे. पुढची अकरा पानं रिकामी. बाराव्या पानावर: "पाणी दिलं."

अमळनेर

साने गुरुजी आमच्या गावात प्रताप हायस्कूलला शिक्षक होते (१९२४ ते १९३०), आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' काढायचे हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लॉकडाऊनमध्ये मुलं डोक्यावर बसली तेव्हा मला तेच आठवलं. म्हटलं, आपण घरचं साप्ताहिक काढू. चौथीतली मुलगी संपादक, पहिलीतला मुलगा चित्रकार, सासरे अग्रलेख लिहिणार. रविवारी सकाळी अंक फ्रिजवर.

चौथ्या अंकाची मुख्य बातमी: "आई आणि आजीत वाद. कारण कळण्याची भाकरी. आजीच्या मते उडीद कमी." पुढे दोघींच्या प्रतिक्रिया, आजीची जास्त लांब. नेमकी त्या दिवशी नणंद आली होती (परवानगी काढून, मास्क लावून) आणि तिने उभ्या उभ्या सगळा अंक वाचला. संध्याकाळपर्यंत बातमी पारोळ्याला पोचली.

सासूबाईंनी अंक बंद पाडावा असं मला वाटलं होतं. त्यांनी उलट संपादकबाईंना बोलावून बातमी दुरुस्त करून घेतली: "उडीद कमी नव्हता, ज्वारी जुनी होती." आता मुलगी नववीत आहे, अंक सणासुदीलाच निघतो. सासऱ्यांचा अग्रलेख मात्र अजूनही वेळेत येतो आणि अजूनही कुणी वाचत नाही.

सुरत, उधना (मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात)

वडील कापडाच्या कारखान्यात कामाला म्हणून इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. तरी कानबाई (आमच्या खान्देशातली देवी) गावालाच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी जमते, सोमवारी विसर्जन.

आमच्याकडे रोटाचे (कानबाईच्या नैवेद्याचे) गहू मोजून घेतात, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. म्हणजे कुळात माणसं किती याचा हिशोब दरवर्षी ताजा करावा लागतो. कुणाला मुलगा झाला, कोण गेलं. माझ्या मायला लिहिता येत नाही. लहानपणापासून हा हिशोब माझ्याकडे. चुलीजवळ बसून ती म्हणायची, "मी सांगस, तू लिख," आणि घरोघरची नावं डोळे मिटून सांगत जायची. एक नाव चुकायचं नाही. आता ती गावाला आणि मी इथे, त्यामुळे फोनवर चालतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीने शेजारी बसून ऐकलं आणि विचारलं, माझं नाव का नाही? मी म्हटलं, पोरींचं नसतं. फोन स्पीकरवर होता. पलीकडे माय थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "पोरीस्ना नावे बी लिख. कानबाई बाईच शे ना?"

त्या वर्षी गहू जास्त निघाले. धाकट्या काकांनी हरकत घेतली, रोट कुळाचे असतात, पोरी उद्या परक्या घरी जातील. मायने उत्तर दिलं नाही, मुठी मोजत राहिली. पण तिनेही अर्धाच रस्ता चालला. लग्न झालं की नाव खोडायचं हे तिचंच ठरलेलं. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव दोन वर्षं वहीत होतं, तिसऱ्या वर्षी मी माझ्या हाताने खोडलं. बहीण येते, ओव्या म्हणते, फुगडी खेळते, पण वही हातात घेत नाही. मी काय करायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. कुणी सुचवलं तर बरं.

आसोदा

सुरतवाले भाऊ, खोडाखोडीचं मला सांगता येणार नाही. पण आईचं लिहून घेताय ते सोडू नका. बहिणाबाई आमच्या गावच्या लेक. त्यांना अक्षरओळख नव्हती. दळताना, शेतात काम करताना म्हणत गेल्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतलं म्हणून ते राहिलं. त्या १९५१ ला गेल्या आणि गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ ला. एक विनंती, लिहिताना अहिराणीची पुस्तकी मराठी करू नका. माझ्या आजीचं बोलणं मी शाळेतल्या हुशारीने 'शुद्ध' करून लिहिलं होतं. आता वाचताना तिचा आवाजच येत नाही.

चाळीसगाव

सगळं गोड चाललंय म्हणून एक कडू. वडील गेल्यावर त्यांची डायरी मिळाली. त्यात काकांना दिलेल्या पैशांची नोंद होती, तारखेसकट. परत आल्याची नव्हती. आम्ही मागायला गेलो. काका म्हणाले, केव्हाच दिले. आम्हाला खोटं वाटलं. दोन वर्षं बोलणं बंद, एका लग्नाला गेलो नाही.

मग काकूच्या किराणा मालाच्या वहीत, साखर आणि शेंगदाण्याच्या मधे ओळ सापडली: "भाऊंचे पैसे दिले. चहा घेतला नाही, घाईत होते." वडिलांचं अगदी तसंच होतं, घाईत असले की चहा नको. भांडण तिथेच मिटलं, पण त्या दोन वर्षांत आजी गेली होती आणि दिवसांना आम्ही दोन वेगवेगळ्या पंगतींत बसलो होतो.

नंदुरबार

मी रीतसर प्रयत्न करून नापास झालेली आहे. महागाची जाड पानांची वही आणली, रोज रात्री सगळ्यांनी दिवसातली एक चांगली गोष्ट लिहायची असं ठरलं. पहिल्या दिवशी नवऱ्याने लिहिलं "जेवण". दुसऱ्या दिवशी "जेवण". तिसऱ्या दिवशी मुलाने वडिलांचं बघून "जेवण". पाचव्या दिवसापासून त्या वहीत मी धोब्याचे कपडे लिहिते.

पण गुलाबाईने वाचवलं. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही मुली घरोघरी गाणी म्हणायचो आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा झाकलेला, हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट, खुळखुळतं की चिकटतं. एकदा जेवताना मुलगा काही बोलेना, तेव्हा मी सहज म्हटलं, आजची तुझी खिरापत गोड की तिखट? म्हणाला, तिखट. शाळेतली? हो. खुळखुळते? नाही, चिकटते. अशी आठ-दहा प्रश्नांत गोष्ट बाहेर आली. शिक्षकांनी वर्गात दुसऱ्याच्या चुकीसाठी याला उभं केलं होतं.

तेव्हापासून रोज एकाची खिरापत असते. नवरा यात चांगलाच तरबेज निघाला. त्याची खिरापत ओळखायला कधीकधी अर्धा तास लागतो आणि शेवटी निघते "ऑफिसचा पंखा दुरुस्त झाला".

धुळे (माहेर सातारा)

सासूबाईंचं सगळं प्रमाण "मूठभर" आणि "हाताला कळतं". माझ्या हाताला कळत नव्हतं. भरिताची वांगी तुरीच्या काड्यांवर भाजून बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचायची इथवर जमलं, पण दाणे किती, कांद्याची पात किती, कच्चं तेल किती? शेवटी मी त्यांना वजनकाट्यावर मूठ सोडायला लावली. त्यांच्या मुठीत दाणे ५५ ग्रॅम, माझ्या ४०. वहीत दोन्ही लिहून ठेवलंय. त्या आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, सुनेने माझा हात तोलला.

जळगाव, धागा काढणारी

सगळ्यांचं वाचलं. भुसावळच्या रुसव्याच्या कोऱ्या पानांवर माझी बहीण आणि मी फोनवर बराच वेळ बोललो. सुरतवाले भाऊ, माझं मत विचाराल तर बहिणीला एकदा वही स्वतःच द्या आणि पेनही. काका काय म्हणतील ते म्हणतील.

तुमचं वाचून काल मी ज्वारी शिजवलीच. आज झाकणावर नवी चिठ्ठी चिकटवली. चीक नव्हता म्हणून फेव्हिकॉलने:

"ज्वारी अर्धी पायली. बिबडे ४२. ऊन कडक. थापायला मी आणि लेक. मोठी मामी व्हिडिओ कॉलवर, फक्त ओरडायला. धोतर मिळालं नाही, जुनी सुती ओढणी वापरली, चालते. सहा तुटले. मीठ घालायचं राहिलं."