स्टेंट बसवलेला माणूस तापाने पडतो तेव्हा… तुमचे अनुभव लिहा

सातारा
सुरुवात मीच करतो. आमच्या अण्णांना मार्चमध्ये स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला. ऑगस्टमध्ये ताप आला, तो तीन दिवस अंगावर काढला. जेवण जात नव्हतं. उपाशीपोटी एवढ्या गोळ्या नकोत म्हणून आईने रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या थांबवल्या. चौथ्या दिवशी पहाटे अण्णा घामाने डबडबले, जबड्यात कळ. अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) केली तर स्टेंटमध्येच गुठळी! अण्णा वाचले. नंतर डॉक्टरांनी समजावलं: विषाणूच्या तापात शरीरात दाह होतो, रक्ताचा गोठण्याकडे कल वाढतो, त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं. नव्या स्टेंटच्या जाळीवर आतलं अस्तर धरायला महिने लागतात, तोवर या दोन गोळ्यांचाच आधार. आईला मात्र अजून झोप लागत नाही. चूक तिची नाही, डिस्चार्जच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तासगाव
आमचं उलटं झालं. मिस्टरांना डेंग्यू, प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ४२ हजारांवर. गोळ्या चालू ठेवाव्यात तर रक्तस्राव, बंद कराव्यात तर गुठळी. ताप बघणारे डॉक्टर आणि मिरजेचे हृदयाचे डॉक्टर फोनवर बोलले. एक गोळी थांबवली, एक चालू ठेवली, रोज सकाळी रक्त तपासलं. पाचव्या दिवशी पेशी चढल्या आणि दुसरी गोळीही सुरू झाली. शेजारच्या वहिनींच्या पेशंटला वेगळाच निर्णय दिला होता, म्हणून आमचं बघून कुणी काही करू नका. फक्त दवाखान्यात पाय ठेवताच स्टेंटचं सांगा, फाइल सोबत न्या.

कराड
अंगदुखीवर मेडिकलमधून आयब्युप्रोफेन आणून बाबांना तीन दिवस दिली. ती ॲस्पिरिनच्या (स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी एक) कामात आडवी येते, पोटात रक्तस्रावाचा धोकाही वाढवते, हे नंतर कळलं. आता घरात तापाला पॅरासिटामॉल, तेही विचारून.

मिरज
२०२१, कोविडची दुसरी लाट. सासऱ्यांचा डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याचा इशारा देणारी तपासणी) वाढलेला, ॲडमिट करून रक्त न गोठण्याची इंजेक्शनं दिली. बेड मिळेपर्यंतची ती रात्र आठवली की अजून हात थरथरतात.

सांगली, विश्रामबाग
माझा स्टेंट सहा वर्षांचा, आता एकच गोळी. जुना झाला म्हणून निर्धास्त होतो. मग २०१८ सालच्या कॅनडातल्या अभ्यासाबद्दल वाचलं: फ्लू झाल्याचं तपासणीत निघाल्यापासून पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहा पट. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दरवर्षी फ्लूची लस घ्या. यंदा पावसाळ्याआधीच घेतली, सौ.लाही दिली.

सातारा
ताई, तासगावचं वाचून आईला दाखवलं. अण्णांच्या फाइलच्या पहिल्या पानावर तिने लाल पेनने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: स्टेंट आहे, गोळ्या विचारल्याशिवाय थांबवू नका. खाली माझा नंबर.