मदत हवी आहे: रागाच्या त्या क्षणी आत्म्याने चालायचं (पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने वागायचं) म्हणजे नेमकं काय करायचं?

जय ख्रिस्त सगळ्यांना. मी नाशिकचा, सातपूर एमआयडीसीत शिफ्ट ड्यूटी. प्रॉब्लेम रागाचा आहे. दारूबिरू काही नाही, पण बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (गलती ५:१९-२१) देहाच्या, म्हणजे पापी स्वभावाच्या, कामांच्या यादीत राग, भांडणं, तट हे जारकर्म आणि दारूबाजीच्या शेजारीच बसवलेत, त्यामुळे "माझं तेवढं वाईट नाही" असं म्हणायची सोय नाही.

परवाच सकाळी साडेपाचला उठून गलती ५ वाचला, प्रार्थना केली, खाली आलो तर कोणीतरी माझ्या गाडीला चिकटून बाईक लावलेली. दहा मिनिटं शिव्या दिल्या, मुलगी स्कूलबॅग घेऊन जिन्यात उभी राहून ऐकत होती.

करून काय काय पाहिलं: शुक्रवारचा उपास, वचनं पाठ, बायकोला सांगितलंय की आवाज चढला की टोक (टोकलं की अजून चढतो). चर्चचे पाळक म्हणाले स्वतःच्या बळावर करतोयस, सोडून दे. पण रोम ८:१३ म्हणतं आत्म्याच्या योगे देहाची कर्मं "तुम्ही" मारा, म्हणजे काहीतरी मलाच करायचंय ना? फिलिप्पै २:१२-१३ पण वाचलंय, तिथे दोन्ही बाजू आहेत (तुम्ही आपलं तारण साधून घ्या, आणि तुमच्यात काम करणारा देवच आहे) आणि मी तिथेच अडकलोय.

सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळच्या प्रार्थनासभेला येता येत नाही, इंग्रजी पुस्तकं झेपत नाहीत, आणि "अजून प्रार्थना कर" एवढंच प्लीज नको.

ज्यांचा राग खरंच कमी झालाय त्यांनी सांगा, डोकं तापलेल्या त्या दहा सेकंदांत तुम्ही स्वतः काय करता आणि काय देवावर सोडता?