कॅम्पर ओढायला मोठं पेट्रोल इंजिन: ७.३, ६.६ की ६.४ लिटर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. मागच्या वर्षी २८ फुटी कॅम्पर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतला, सामानसुमान भरून साधारण ७,८०० पौंड. ओढायला हाफ-टन (सगळ्यात हलक्या वर्गातली मोठी) पिकअप, टर्बो नसलेलं छोटं व्ही८. विकणारा म्हणाला ‘नऊ हजार पौंड आरामात ओढेल’, आणि मी मान डोलावली.

जुलैत आई-बाबा आलेले असताना लेडव्हिलला निघालो. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर टनेल ११,१५८ फुटांवर आहे. तिथवर चढताना आरपीएम ४,८००, वेग ३८ मैल, आणि मागे ट्रकांची रांग. बाबा शेजारी गप्प बसलेले (तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी कसारा घाटात). टनेलनंतर सात टक्क्यांचा उतार लागला, ब्रेकचा वास यायला लागला, तेव्हा एवढंच म्हणाले, "पाय काढ. गिअर पाड."

सिल्व्हरथॉर्नला थांबलो तर चाकाजवळ हात नेववत नव्हता. ड्रायव्हरच्या दारातला पिवळा स्टिकरही बाबांनीच दाखवला: माणसं आणि सामान मिळून १,५४० पौंड. कॅम्परचा हिचवर (गाडीमागे तो जोडायच्या जोडावर) येणारा भार हजाराच्या आसपास, आम्ही पाच जण ७००, हिचचं धूड १००. झाले १,८००, त्यात आईचे डबे अजून धरलेच नाहीत.

तर आता थ्री-क्वार्टर टन (त्यावरच्या वर्गातली, जास्त भार पेलणारी पिकअप) घ्यायचीच. डिझेल नको. नव्या गाडीत त्याचे दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त जातात, इंजिन जड म्हणून तेवढा पेलोड (गाडीवर लादता येणारं वजन) कमी, आणि वर्षातून पाच-सहा ट्रिपा सोडल्या तर आमची गाडी शाळा आणि किराणा एवढंच फिरते. डीपीएफला (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) असलं चालवणं मानवत नाही.

समोर तीन गाड्या आहेत. फोर्डचं ७.३, ज्याला सगळे गॉडझिला म्हणतात: ४३० एचपी, २०२२ पर्यंतच्या गाड्यांत ४७५ पौंड-फूट टॉर्क (ओढायचा जोर), जुन्या वळणाचं पुशरॉड (दांड्यांनी झडपा उघडणारं), १० गिअर. शेव्हीचं ६.६: ४०१ आणि ४६४. रॅमचं ६.४ हेमी: ४१० आणि ४२९, ८ गिअर. रॅम सगळ्यात स्वस्त मिळतेय, २०२१ ची.

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. म्हणजे टनेलपाशी तिघांचीही जवळपास एक तृतीयांश गेली. मग कागदावरच्या या फरकाला काही अर्थ उरतो का? आणि फोर्डला ३.७३ ऐवजी ४.३० चा मागचा अ‍ॅक्सल (गिअरचं गुणोत्तर; आकडा मोठा तितका ओढायला जोर जास्त) घ्यावा का? रिकामी चालवताना पेट्रोल किती जास्त खाईल? कोणी प्रत्यक्ष घाटात ओढलंय का?

प्रतिसाद १
माझ्याकडे ७.३ आहे, ४.३० सह, नऊ हजारांचा ट्रेलर. ओढताना गॅलनला ८-९ मैल, त्याहून जास्तीची आशा धरू नका. चढावर ४,००० आरपीएमला बिनधास्त फिरू द्या, यांचा टॉर्क तिथेच आहे. आवाजाला घाबरून पाय काढलात की गाडी आणखी रखडते.
शेव्ही बघताय तर साल विचारा. २०२४ पासून या इंजिनाला १० गिअर आले, आधी सहाच होते. घाटात दोन गिअरमधली दरी चांगलीच जाणवते, फोर्ड-शेव्हीतला ११ पौंड-फुटांचा फरक जाणवत नाही. आणि आपल्याकडे कोलोराडोत ‘रेग्युलर’ म्हणून ८५ ऑक्टेनचं पेट्रोल विकतात (आकडा कमी तितकं ते ताणाखाली लवकर भडकतं). ओढताना ८७ च्या खाली जाऊ नका.
पेलोड माहितीपत्रकात बघू नका. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे स्टिकर वेगळे निघतात. सनरूफ, फोर-बाय-फोर, सगळं त्यातूनच वजा होतं.

धागाकर्ता
मनापासून आभार. सहा गिअरची भानगड माहीतच नव्हती, मी पाहिलेली शेव्ही २०२२ ची आहे, म्हणजे ती बाद. शनिवारी फोर्ड आणि रॅमची दारं उघडून स्टिकरचे फोटो काढतो, इथे टाकतो.
बाबांनी फोनवर विचारलं, नव्या गाडीला गिअरचा दांडा आहे का. आहे म्हटलं, स्टिअरिंगपाशी, पण दहाच्या दहा गिअर गाडी स्वतःच पाडते. "मग तू काय करणार?" म्हणाले.