चालता येतं, पण थोडंच: अप्पांच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आणि अनुदानासाठी सल्ला हवा

सीनाकाठची_लेक

नमस्कार. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. माझ्या अप्पांचं वय 53. दीड वर्षाचे असताना ताप आला आणि डावा पाय गेला. पोलिओ. तेव्हापासून मांडीवर हात टेकवत चालतात. त्याच पायावर उभं राहून त्यांनी पंचवीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. प्रमाणपत्र मात्र कधीच काढलं नाही. विषय काढला की एकच उत्तर, "माझं काय अडलंय?"

आता अडलंय. गेल्या तीन वर्षांत पाय फारच थकलाय. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जेमतेम दीडशे पावलं, तेवढ्यात दोनदा थांबतात. चांगला पायही संध्याकाळी ठणकतो. गिरणीत उभं राहवत नाही म्हणून दिवाळीपासून ती बंद आहे.

माझी शंका अशी की ते अंथरुणाला खिळलेले नाहीत, काठी घेऊन चालतात. अनुदानाला 40 टक्के दिव्यांगत्व लागतं, अशा माणसाला ते बसतं का? गावातला एकजण म्हणतो, आठ हजार द्या, साठ टक्क्यांचं करून आणतो. आईचं मन डळमळतंय. अर्ज कुठून सुरू करायचा आणि अप्पांना तयार कसं करायचं, दोन्ही सांगा.

काठी_आणि_मी

ताई, मीही पोलिओचाच, उजवा पाय. आधी त्या आठ हजारांचं. एक रुपया देऊ नका. प्रमाणपत्राला सरकारी फी नाही. आणि खोट्या मार्गाने दिव्यांगांचा लाभ घेतला तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 91 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो माणूस पैसे घेऊन मोकळा होईल, कागदावर नाव अप्पांचं असेल. ज्यांचा पाय खरोखर गेलाय त्यांना खोट्याची गरजच काय?

आता अर्ज. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरायचा. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा. प्रमाणपत्र आणि कार्ड दोन्हींसाठी हा एकच अर्ज. त्यात रुग्णालय निवडावं लागतं. जिल्ह्याचं ठिकाण लांब असेल तर यादीत जवळचं उपजिल्हा रुग्णालय आहे का ते बघा आणि तपासणीचा वार फोनवर विचारूनच निघा. मी एकदा वार न विचारता गेलो आणि भर उन्हात तसाच परत आलो.

पाय आता का थकतोय तेही अप्पांना समजावून सांगा. पोलिओत जे मज्जातंतू वाचले, त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं दुप्पट काम केलं. ते आता दमतात. याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. मला वाटायचं मीच आळशी झालोय. डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी मी घरी येऊन रडलो होतो.

फिजिओ_नगरकर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. "चालता येतं का?" या एका प्रश्नावर टक्के ठरत नाहीत, एवढं आधी लक्षात घ्या. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत पायाची तपासणी दोन बाजूंनी होते. एक, सांध्यांची हालचाल आणि स्नायूंची ताकद. ताकद 0 ते 5 अशा श्रेणीत मोजतात. दोन, तोल आणि स्थिरता. या दुसऱ्या भागात नऊ गोष्टी बघतात: सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, फक्त अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघ्यावर बसणं आणि वळणं. जमत नसलेल्या प्रत्येक गोष्टीचे 10 टक्के धरतात.

म्हणजे तुमचे अप्पा सपाट जमिनीवर चालले तरी बाकीच्या आठ गोष्टी उरतातच. शिवाय पाय आखूड असेल तर त्याचं वेगळं माप आहे. पहिला अर्धा इंच धरत नाहीत, पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला 4 टक्के. दीड इंच आखूड पायाचे 8 झाले. हे सगळे आकडे सरळ बेरजेने मिळवत नाहीत, त्याचं सूत्र आहे, त्यामुळे घरी गणित मांडत बसू नका.

खरी अडचण वेगळीच असते. आपली माणसं डॉक्टरांसमोर ताठ होतात. डॉक्टर विचारतात, "कसं काय?" आणि ते म्हणतात, "बरंय साहेब, चालतंय." रांगेत दोन तास बसून पायाला विश्रांती मिळालेली असते, त्या जोरावर दहा पावलं ऐटीत टाकून दाखवतात. तपासणारा जे दिसतं तेच लिहिणार. अप्पांना सांगा, तिथे मर्दानगी दाखवायची नाही आणि नाटकही करायचं नाही. देवळापर्यंत दोनदा थांबतो, तर तेच शब्द वापरायचे.

सीनाकाठची_लेक

तुमची यादी वाचून काल अप्पांच्या शेजारी बसले. एकेक गोष्ट विचारली. उकिडवं बसता येत नाही, हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं. माहीत नव्हतं. शौचालयात ते इतकी वर्षं भिंतीला धरून, डावा पाय पुढे ताणून कसेबसे बसतात आणि उठताना नळाला लोंबकळतात. आईलाही पूर्ण माहीत नव्हतं. गिरणीचा पट्टा बदलताना गुडघा टेकता येत नाही म्हणून शेजारच्या पोराला हाक मारायचे, तेव्हा आम्हाला वाटायचं त्यांना पोराची सोबत आवडते.

एक विचारायचं राहिलं. जुने कागद काहीच नाहीत. लहानपणीचा दवाखाना केव्हाच बंद झालाय.

फिजिओ_नगरकर

पोलिओचा पाय स्वतःच कागद आहे. बारीक पोटरी आणि ढिले स्नायू बघून डॉक्टरांना कळतं. तरी अलीकडचा एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञाची चिठ्ठी असेल तर न्या. पोलिओ सुधारणारा नाही, त्यामुळे प्रमाणपत्र कायमस्वरूपी मिळायला हवं. तात्पुरतं लिहिलं तर तिथेच नम्रपणे कारण विचारा.

आणि ताई, आज पहिलं काम म्हणजे कमोडची खुर्ची आणा आणि भिंतीला दांडी बसवा. प्रमाणपत्र येईपर्यंत थांबू नका. पोलिओच्या पायाचं हाड नाजूक असतं. एकदा पडले तर सगळंच अवघड होऊन बसेल.

सेतूतला_भाऊ

मी तालुक्याला सेतू केंद्रात काम करतो, रोज असे अर्ज हाताखालून जातात. प्रमाणपत्र हातात आलं की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. वय 18 ते 65, दिव्यांगत्व किमान 40 टक्के, महाराष्ट्रात 15 वर्षांचा रहिवास. उत्पन्नाची मर्यादा इतरांना वर्षाला 21 हजार, दिव्यांगांना 50 हजार. दिव्यांगांना महिन्याला 1500 मिळायचे, 2025 मध्ये सरकारने ते 2500 केले.

अर्ज अडतात ते दोन ठिकाणी. एक, उत्पन्नाचा दाखला. गिरणी बंद आहे हे तलाठ्याला नीट सांगा, चौकशीत खरं तेच येऊ द्या. दुसरं, बँक खातं. पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खात्याला आधार नुसतं लावलेलं असणं आणि अनुदान जमा होण्यासाठी जोडलेलं असणं यात फरक आहे. बँकेत डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्याची सोय, चालू आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. मंजुरी मिळूनही महिनोन्महिने पैसे न आलेले म्हातारे रोज माझ्यासमोर येतात आणि दहापैकी बरेच जण इथेच अडकलेले असतात. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, तो चुकवू नका.

ग्रामपंचायतीलाही विचारा. स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाकडे नाव नोंदवा आणि लेखी अर्जाची पोच घ्या.

माळावरची_मास्तरीण

माझ्या भावाला पहिल्या वेळी 36 टक्के दिले होते. आम्ही गप्प बसलो, वाटलं डॉक्टरांनी लिहिलं म्हणजे संपलं. तसं नसतं. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 मध्ये अपील आहे, राज्याच्या नियमांत ठरलेल्या मुदतीत करायचं असतं. आम्हाला हे कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. 40 च्या खाली आले तर त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा.

मला अजून एक सांगावंसं वाटतं. निरामय विम्याची जाहिरात बघून बरेच पालक धावतात. ती योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, पोलिओसाठी नाही. त्यात वेळ घालवू नका.

काठी_आणि_मी

अप्पांना तयार कसं करायचं ते कोणीच सांगितलं नाही, म्हणून परत आलो. त्यांना अनुदानाबद्दल बोलू नका. माझ्या वयाच्या पोलिओवाल्यांना लहानपणी शाळेत, लग्नात, सगळीकडे एकच शब्द ऐकावा लागला. तो शब्द आपण शिक्का मारून घरी आणतोय असं त्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. माझ्या बायकोने मला फक्त एसटीचं सांगितलं. 75 टक्के सवलत आहे, मुलीकडे हवं तेव्हा जाता येईल, मुलीला पैसे मागावे लागणार नाहीत. मी दुसऱ्या दिवशी फोटो काढायला गेलो.

सीनाकाठची_लेक

(अडीच महिन्यांनी)

उशिरा लिहितेय, माफ करा. एसटीचंच सांगितलं. धाकटी बहीण बार्शीला दिली आहे, तिला बाळ झालंय. अप्पा काही बोलले नाहीत. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते.

तपासणीला मी सोबत आत गेले. डॉक्टरांनी चालायला लावलं, उकिडवं बसायला सांगितलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही बसता येत, साहेब. कधीच नाही आलं." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग टेपने दोन्ही पाय मोजले, कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत. पायाला धरून "ढकला, ओढा" असं करून ताकद बघितली. वीस मिनिटांत झालं. डॉक्टर चांगले होते, घाई केली नाही.

56 टक्के, कायमस्वरूपी. कार्ड पोस्टाने यायचं आहे, पण पोर्टलवरून उतरवून घेतलं. पिवळ्या पट्ट्याचं आहे. 40 ते 80 मधल्यांना पिवळा आणि 80 च्या पुढे निळा, असं तिथल्या ताईंनी सांगितलं. संजय गांधीचा अर्ज मागच्या सोमवारी दिला, पोच घेतली. बँकेत डीबीटी खरंच चालू नव्हतं. सेतूतल्या भाऊ, तुमच्यामुळे ते आधीच कळलं.

कमोडची खुर्ची तुम्ही सांगितली त्याच आठवड्यात आणली.

आता एकच विचारायचंय. बहिणीच्या नवऱ्याची बदली नागपूरला होतेय. रेल्वेची सवलत याच प्रमाणपत्रावर मिळते का?

काठी_आणि_मी

नुसत्या प्रमाणपत्रावर नाही. रेल्वेच्या सवलतीच्या दाखल्याचा नमुना वेगळा असतो, त्यावर सरकारी डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं की सोबतीशिवाय हा माणूस प्रवास करू शकत नाही. ते घेऊन रेल्वेच्या दिव्यांगजन पोर्टलवर ओळखपत्राचा अर्ज करा. स्लीपर आणि थर्ड एसीला 75 टक्के सवलत आहे, सोबत जाणाऱ्यालाही तेवढीच. त्यामुळे अप्पांना एकटं पाठवू नका, आईला बरोबर द्या. खालचा बर्थ मागा आणि बाळासाठी डबा भरून घ्या, नागपूर लांब आहे.