बाळंतपणाच्या रजेत असताना दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज करावा का?

पांझराकाठची

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका चटई कारखान्यात लेखा विभागात काम करते. सासर धुळ्याचे आहे, त्यामुळे लग्नापासून पारोळा-एरंडोल मार्गे एसटीने रोजचे जाणे-येणे चालू आहे आणि दिवसाचे चार-पाच तास रस्त्यातच जातात. सध्या मी बाळंतपणासाठी अमळनेरला माहेरी आहे. मुलगी साडेतीन महिन्यांची झाली. 26 आठवड्यांच्या पगारी रजेपैकी 18 आठवडे संपले असून 8 उरले आहेत.

मागच्या आठवड्यात धुळ्यातच, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका संस्थेत लेखापालाची जागा निघाल्याचे समजले. जाहिरातीत ‘त्वरित रुजू होणे आवश्यक’ असे लिहिले आहे. ती वाचल्यापासून मला झोप नाही, कारण सहा महिन्यांच्या लेकराला घरी ठेवून पहाटेची गाडी पकडायची ही कल्पनाच मला सहन होत नाही. दुसरीकडे, ज्यांच्याकडून रजेचा पगार घेते आहे त्यांना न सांगता दुसरीकडे अर्ज करणे मनाला लागते. सासूबाई फोनवर एवढेच म्हणाल्या, “पोर धाकली शे, आते दम धर.” त्यांचेही चुकीचे नाही.

अशा रजेत अर्ज करणे कायद्याने चालते का? नोकरी सोडली तर रजेचा पगार परत द्यावा लागेल का? बाळ लहान आहे हे मुलाखतीत सांगावे का? आणखी एक गोष्ट म्हणजे, रजा संपल्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी या कारखान्यात माझी पाच वर्षे पूर्ण होतात. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाघूर

ताई, मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये आणि नंतर कार्मिक विभागात अशी मिळून 28 वर्षे काढली आहेत. अर्ज करणे, मुलाखत देणे, नेमणूकपत्र स्वीकारणे, यांतील कशालाही कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती रजेच्या काळात दुसरीकडे प्रत्यक्ष काम करण्याला. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात कलम 18 होते. मंजूर रजेच्या काळात बाईने दुसऱ्या कोणत्याही आस्थापनेत काम केले, तर तेवढ्या काळाच्या लाभावरचा तिचा हक्क जातो. त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर 2025 पासून आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. म्हणून धुळ्याच्या लोकांनी ‘निदान अर्धा दिवस तरी येऊन बसा’ असे कितीही गोड बोलून सांगितले, तरी उरलेल्या आठ आठवड्यांत तिथल्या हजेरीपटावर आपले नाव चढू देऊ नका.

पगार परत देण्याविषयी बोलायचे, तर हा लाभ मिळण्याची अट रजेच्या आधीची आहे. अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपूर्वीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेले असले की हक्क तयार होतो. रजेनंतर अमुक महिने नोकरी केलीच पाहिजे, अशी अट कायद्यात कुठेही नाही आणि मालकाने तसे लिहून घेतले असले तरी कायद्याशी विसंगत करार टिकत नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पुढे दुसऱ्या बाळंतपणाची वेळ आली, तर नव्या ठिकाणी हे 80 दिवस नव्याने भरावे लागतील.

आता पाच वर्षांची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, कायम नोकरीत सलग पाच वर्षे सेवा लागते आणि 26 आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा त्या सेवेत धरली जाते, म्हणजे रजेमुळे आपली सेवा खंडित झालेली नाही. मद्रास उच्च न्यायालयाने पाचव्या वर्षाचे 240 दिवस पुरेसे मानल्याचा दाखला लोक देतात, परंतु दोन आठवड्यांसाठी तो वाद अंगावर का घ्यावा? मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा 13,000 रुपये असतील, तर त्याला 15 ने गुणून 26 ने भागल्यावर वर्षाला 7,500 येतात, म्हणजे पाच वर्षांचे 37,500 रुपये. ही रक्कम सोडू नका. रजा संपेल त्या दिवशी कामावर हजर व्हा आणि नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस लिहिलेली असेल तर त्याच दिवशी राजीनामा द्या. नोटिशीच्या मध्यावर पाच वर्षे आपोआप पूर्ण होतील. भविष्य निर्वाह निधी मात्र काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या निधीच्या क्रमांकावर, नव्या ठिकाणी वर्ग करून घ्या.

भुसावळकरीण

वाघूर काकांनी कायदा सांगितला, मी मुलाखतीच्या दिवसाबद्दल सांगते, कारण त्याची कल्पना मला कोणीच दिली नव्हती. मुलगा चार महिन्यांचा असताना मी जळगावला मुलाखतीला गेले. अकराची वेळ दिली होती आणि आत बोलावले सव्वा वाजता. आई बाळाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. त्याच्या रडण्याचा आवाज आतपर्यंत येत होता, आणि तो ऐकू आला की पान्हा फुटतो, हे बाईला सांगायला नको. ब्लाउज ओला झाला. प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून मी वीस मिनिटे उत्तरे दिली आणि फाइल टेबलावर ठेवा म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. ती नोकरी मला मिळाली नाही.

दुसऱ्या ठिकाणी मी फोनवरच सांगितले की माझे बाळ अंगावर पिणारे आहे, मला सकाळची पहिली वेळ द्यावी आणि ती पाळावी. त्यांनी दिली. बाळ लहान असल्याचे कळल्यावर ज्यांचा चेहरा उतरतो, त्यांच्याकडे सहा महिन्यांनी बाळ तापाने फणफणलेले असताना रजा मागायला जाणे किती जड जाईल, याचा विचार करा. म्हणून ताई, मी तरी सांगण्याच्या बाजूची आहे. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी देण्याची तरतूद कायद्यात आहे. नव्या ठिकाणी ती पत्रात लिहून घ्या. घर दहा मिनिटांवर असताना त्या दोन सुट्ट्यांचे मोल फार मोठे आहे. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आहे का, हेही विचारा.

डाळमिलवाला

मी मालकाच्या बाजूने लिहितो आहे, राग मानू नये. आमच्याकडे हिशेब पाहणारी एक ताई बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिच्या जागी मी सहा महिन्यांसाठी एक मुलगा ठेवला होता आणि ती येणार म्हणून त्याला मोकळे केले. ती आली आणि त्याच दिवशी तिने राजीनामा हातात दिला. नव्या तुरीची आवक नुकतीच सुरू झाली होती. अडत्यांचे हिशेब आणि जीएसटीचे विवरणपत्र, सगळे अंगावर आले. तिचा हक्क होता, हे मला मान्य आहे. परंतु तिने महिनाभर आधी सांगितले असते तर मी त्या मुलाला थांबवून घेतले असते. वाघूर काका म्हणतात तसे त्याच दिवशी राजीनामा देणे कायद्यात बसते, पण समोरच्याला ते फार लागते.

‘त्वरित रुजू’ या शब्दांना मात्र घाबरू नका. प्रत्येक जाहिरातीत आम्ही तसे लिहितोच. हिशेबाचा चोख माणूस मिळत असेल तर मालक तीन महिने थांबतो, मी स्वतः थांबलो आहे.

वाघूर

भाऊ, आपले दुःख मी समजू शकतो आणि आपल्यासारख्या मालकाला आधी सांगायलाच हवे. फक्त ताईंनी एक क्रम पाळावा: नव्या ठिकाणचे सही-शिक्क्याचे नेमणूकपत्र हातात येईपर्यंत कोणाजवळही शब्द काढू नये. तोंडी होकारावर विसंबून जुन्या ठिकाणी बोलून बसलेल्या आणि मग दोन्हीकडून राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पत्र मिळाले की मग लेखी राजीनामा रुजू होण्याच्या दिवसापर्यंत राखून ठेवून वरिष्ठांना तोंडी कल्पना द्यावी. रजेवर असताना त्या कारणाने कामावरून काढण्यास कायद्याने मनाई केलेली आहे, हे माहीत असू द्यावे.

पांझराकाठची

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री मुलगी झोळीत झोपल्यावर अर्ज पूर्ण केला. रुजू होण्याची तारीख सरळ लिहिली, म्हणजे उरलेले आठ आठवडे आणि त्यानंतर नोटिशीचा एक महिना. बाळ लहान असल्याचेही एका ओळीत लिहिले. आज दुपारी तिकडून फोन आला. तारीख थोडी लांबची आहे असे म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत. मुलाखत सोमवारी सकाळी साडेनऊला आहे. पहिली वेळ मी मागून घेतली. आई सोबत येणार आहे, आणि सासूबाईंनी सांगितले आहे की बाळ तोवर त्यांच्याजवळ घरीच राहील, माझे आटोपले की मी चालत यायचे. पत्र हातात आले की कारखान्यातल्या साहेबांना मी स्वतः फोन करीन, कारण माझ्या जागी ठेवलेल्या मुलीलाही त्या नोकरीची गरज आहे.